शब्दाची शेपटी

इंग्रजीला नियम नाहीत असं म्हणणारा माणूस आळशी असतो, हे बोरस्ते सरांचं मत छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही डळमळलं नव्हतं. ते डळमळायला आता अर्धं मिनिट बाकी होतं. सर पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये, मॅनेजरच्या टेबलावर कमरेतून वाकून, काचेखाली सरकवलेला एक रजेचा अर्ज वाचत होते.

"वाचा, वाचा सर," मॅनेजर मयूर म्हणाला. "आमच्याकडच्या इंग्रजीची लेव्हल तुम्हाला आधीच कळलेली बरी."

मयूर अठ्ठावीस वर्षांचा होता. नाशिकला एमबीए केलेला, गळ्यात ओळखपत्राची निळी नाडी. जानेवारीत माल बघायला परदेशी पाहुणे यायचे होते. असे पाहुणे म्हणे कामगारांशी थेट बोलतात, तेव्हा बायकांना पन्नास तरी इंग्रजी शब्द यायला हवेत, असं शेठचं म्हणणं पडलं. म्हणून निफाडकडचे एक निवृत्त शिक्षक शोधून आणले होते. दहा दिवसांचा वर्ग, रोज एक तास, जेवणाच्या सुट्टीनंतर.

सरांनी अर्ज वाचला. तारीख पाच वर्षांपूर्वीची, उजव्या कोपऱ्यात, जिथं असायला हवी तिथं. मायना बरोबर. अक्षर गोल आणि सरळ. मजकूर इंग्रजीत, दोनच वाक्यांचा: मला सिव्हिअर मुस्टेक झाल्यामुळे जेवता येत नाही. तरी दोन दिवसांची रजा मिळावी. खाली सही होती, सुवर्णा गांगुर्डे.

सरांनी पुन्हा वाचला. चूक सापडेना. स्पेलिंग बरोबर होतं. 'सिव्हिअर' तर फारच बरोबर होतं. नुसतं दुखणं लिहिलं की साहेब लोक रजा देत नाहीत, दुखण्याच्या आधी 'सिव्हिअर' लावावं, हे ते स्वतः आठवीच्या वर्गापासून सांगत आले होते. पोरीनं लक्षात ठेवलं होतं. शाबास म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मयूरनं नाकाखाली दोन बोटं धरून हवेतच पीळ भरला.

"मुस्टॅश, सर. बाईला मिशी आली. आणि तीही सिव्हिअर."

अर्जाच्या तळाशी लाल शाईत त्या वेळच्या साहेबांचा शेरा होता. रजा मंजूर. दाढी करून यावे.

सर हसले. हसायला त्यांना थोडा उशीर झाला होता, म्हणून त्याची भरपाई त्यांनी आवाजानं केली. टेबलावर थापही मारली.

"कोणत्या शाळेत शिकली असेल हो?" मयूरनं डोळे पुसत विचारलं.

"असतात काही शाळा," सर म्हणाले.

मग मयूर कामाचं बोलला. या हंगामापासून ऑफिसात एक टेबल वाढवलं होतं. आलेल्या मालाच्या नोंदी, पेट्यांवरची लेबलं, सगळं इंग्रजीत. सरांनी वर्गाच्या शेवटी परीक्षा घ्यावी आणि जिचा पहिला नंबर येईल तिचं नाव कळवावं. तिला त्या टेबलावर बसवायचं, पगार महिन्याचा, बारा महिने. हंगाम संपला म्हणून घरी बसायचं नाही.

"फक्त ही सोडून बरं का." मयूरनं काचेवर बोट ठेवलं. "ही पूर्वी इथंच वर बसायची. या अर्जानंतर आधीच्या साहेबांनी खाली पाठवली. आता लाइनवर आहे, बायकांकडून घड छाटून घेते. कामाला चांगली आहे. पण इंग्रजी म्हटलं की पाहुण्यांसमोर रिस्क नको."

"बरोबर आहे," सर म्हणाले.

*

झालं होतं असं, की सरांच्या शाळेच्या फाटकाशी एक फळा होता. 'आजचे पाच शब्द' असं वर ऑइलपेंटनं लिहिलेलं आणि खाली ऑइलपेंटनंच आखलेल्या पाच ओळी. त्या ओळी रोज भरणं हे इंग्रजीच्या शिक्षकाचं काम होतं, आणि एखादी ओळ मोकळी राहिली तर मुख्याध्यापक प्रार्थनेच्या वेळी नुसते त्या ओळीकडे बघत.

यातूनच सरांची शेपटीपद्धत निघाली. शेवटची अक्षरं सारखी असलेले शब्द एकत्र बांधायचे. शेपूट एक, तर अर्थाची जातही एक. शेपटी धरली की बैल जातो कुठं? मुलांना हे पटकन कळे, कारण बैल त्यांच्या घरी होते. एक्क्याण्णव सालच्या एका सोमवारी सरांनी ए-सी-एच-ई, उच्चार 'एक', ही शेपटी घेतली. हेडेक, डोकेदुखी. टूथेक, दातदुखी. बॅकेक, पाठदुखी. स्टमकेक, पोटदुखी. कान आणि हृदय त्या सकाळी त्यांना सुचले नाहीत. पाचवी ओळ मोकळी राहिली आणि प्रार्थनेची घंटा झाली.

हातात शेंगदाण्यांची पुडी होती, इंग्रजी वर्तमानपत्राच्या कागदाची. तिच्यावर, अर्ध्या फाटलेल्या फोटोखाली, तीच शेपटी असलेला एक लांब शब्द होता. उच्चार उघड होता: मुस्टेक. अर्थही उघड होता. सुरुवातीची एम-ओ-यू ही अक्षरं 'माउथ'चीच कोणीतरी लागत असणार. तोंड आणि दुखणं. सरांनी पाचव्या ओळीत लिहिलं: मुस्टेक, तोंड येणे.

मिशीला विस्कर्स म्हणतात, हे त्यांना मांजराच्या धड्यातून पक्कं ठाऊक होतं. 'मुस्टॅश' हा शब्दही कानावरून गेलेला होता. पण तो लिहितात कसा हे बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही, आणि कानानं ऐकलेला शब्द हाच डोळ्यांनी पाहिलेला शब्द आहे, हे सांगायला कोणी आलं नाही.

पुढे या पद्धतीचं पुस्तक झालं. चौसष्ट पानांचं, निफाडला छापलेलं, हजार-हजारच्या दोन आवृत्त्या. पंधरा ऑगस्टला पहिल्या येणाऱ्या मुलाला तेच बक्षीस देत.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर सरांनी निरोपसमारंभात मिळालेला मोठा शब्दकोश काढला. त्याचं प्लास्टिक अजून फाडलेलं नव्हतं. ते फाडलं. शब्द लगेच सापडला. स्पेलिंग अगदी त्यांनी शिकवलेलंच होतं. शेजारी अर्थ होता आणि, शंका राहू नये म्हणून की काय, एक छोटं चित्रही होतं.

मंगळसूत्रात मणी ओवत बसलेल्या बायकोनं विचारलं, "काय शोधताय एवढं?"

"काही नाही. माहिती होतं ते बघतोय."

मग ते हिशेब करत बसले. एक विद्यार्थी नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये होता. एक फौजदार झाला होता. दोघी नर्स होत्या. यांतल्या कोणाकोणाला आजवर तोंड आलं असेल, आणि आलं असेल तर त्यांनी कोणाला कळवलं असेल, हे आता पत्र टाकून विचारता येण्यासारखं नव्हतं. पण खरं सांगायचं तर सर हा हिशेब करत होते तो दुसरा करावा लागू नये म्हणून. दोन हजार पुस्तकं एका पारड्यात टाकली तरी दुसऱ्या पारड्यात टेबलावरची ती थाप होती, आणि ती जड भरत होती.

*

वर्ग पॅकिंगच्या शेडमध्ये भरे. बावीस बायका, डोक्याला जाळीच्या टोप्या, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसलेल्या. फळा नव्हता, म्हणून मोठ्या खोक्याचा पुठ्ठा खांबाला बांधला होता.

पहिल्या दिवशी सर्वांत आधी सुवर्णा पुढे आली आणि पायाला हात लावून म्हणाली, "ओळखलं का सर? अठ्ठ्याण्णवची दहावी. दुसऱ्या बाकावर, खिडकीकडं."

"ओळखलं की," सर म्हणाले आणि खडू शोधू लागले. खडू त्यांच्या हातात होता.

ती मागच्या रांगेत जाऊन बसली. तेवढ्यात दारातून एक नवी पोरगी ओरडली, "मिशीताई, रिकामे क्रेट कुठं लावू?"

"वजनकाट्यामागं लाव," सुवर्णानं वहीतून वर न बघता सांगितलं.

कोणी हसलं नाही. त्या पोरीला हे नाव असंच ऐकून माहीत होतं, जसं दुसरीला चांगुणा म्हणतात तसं. पाच वर्षांत त्यातला विनोद संपला होता आणि नाव उरलं होतं.

सरांनी पुठ्ठ्यावर पहिला शब्द लिहिला, ग्लव्ह. हातमोजा. मग सवयीनं हात आपोआप खाली उतरला आणि त्याच शेपटीचे आणखी दोन शब्द लिहून गेला. लव्ह. मूव्ह.

"मास्तर, ह्यो मधला काय म्हणायचा?" पुढच्या क्रेटवरच्या लंकाबाईनं विचारलं. ती साठीची होती आणि तिला तो काय म्हणायचा हे चांगलं ठाऊक होतं.

"लव्ह. म्हणजे प्रेम."

"त्याचं आता आपल्याला काय काम? वरचा शब्द शिकवा नीट. गेल्या साली हंगामाला दोनच जोड दिले मोज्यांचे. पाव्हण्याला सांगते, ग्लव्ह नाय, लव्ह लय."

शेड हसून घेईपर्यंत सर थांबले आणि तिन्ही शब्द म्हणून दाखवले. मग मंगलाबाई, जी कधी शाळेत गेली नव्हती आणि म्हणून अक्षरांकडे नीट बघत होती, म्हणाली, "सर, तिन्हीचं शेवटचं सारखंच हाय की. मग म्हणताना तिसरं येगळं का?"

छत्तीस वर्षांत या प्रश्नाला सरांनी निरनिराळी उत्तरं दिली होती, सगळी नियमाला धरून. मागच्या रांगेत सुवर्णानं पेन उचलून धरलं होतं, दहावीत धरायची तसं, उत्तर लिहून घ्यायला.

"त्याला नियम नाही मंगलाबाई," सर म्हणाले. "एकेक शब्द वेगळा पाठ करायचा."

सुवर्णानं ते लिहून घेतलं.

*

मयूरला सांगायचं, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. सांगण्यात तसं काही अवघड नव्हतं. तो शब्द माझा आहे, पोरीची चूक नाही, तिला परीक्षेला बसू द्या. तीन वाक्यं. सरांनी ती एसटीत म्हणूनही पाहिली होती. तिसऱ्या दिवशी ते ऑफिसात गेले तर मयूर फोनवर होता. चौथ्या दिवशी तो वणीला गेला होता. पाचव्या दिवशी तो होता, फोनही ठेवलेला होता, पण समोर एक ट्रान्सपोर्टवाला बसला होता आणि मयूर त्याला काचेवर बोट ठेवून अर्ज वाचून दाखवत होता.

"हे बोरस्ते सर. हेडमास्तर होते," मयूरनं ओळख करून दिली. सर हेडमास्तर कधीच नव्हते. "यांना विचारा. एवढे गंभीर गृहस्थ, पण हा अर्ज वाचून पोट धरून हसले. काय सर?"

ट्रान्सपोर्टवाल्यानं सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली, होकारार्थी.

"चहा घ्या सर," मयूर म्हणाला.

सरांनी चहा घेतला. चहा चांगला होता, याचीही त्यांना लाज वाटली.

नवव्या दिवशी परीक्षा झाली. मयूर 'ही सोडून' म्हणाला होता तरी सरांनी सुवर्णाला उठवलं नाही. तेवढं धाडस त्यांना जमलं, कारण त्यात बोलावं लागत नव्हतं. वीस शब्द सांगितले, बायकांनी लिहिले. लंकाबाईनं वीसही वेळा आपलं नाव लिहिलं, कारण तेवढंच तिला शिकायचं होतं आणि ते ती शिकली होती. सुवर्णाचे वीसपैकी वीस बरोबर आले. प्रत्येक शब्दापुढे तिनं मराठी अर्थ लिहिला होता आणि अर्थापुढे बारीक बरोबरची खूण केली होती, म्हणजे कोणत्या तरी कोशात बघून घेतलेला होता.

बायका कामाला गेल्या तेव्हा सर म्हणाले, "सुवर्णा, थांब जरा."

ती थांबली. टोपीची जाळी सारखी करत उभी राहिली.

"तो अर्ज मी बघितला. वरचा."



"तो शब्द माझा होता. चूक माझी. तुझी काही चूक नव्हती."

"माहितीय सर."

"कधीपासून?"

"दुसऱ्याच दिवशी कळलं. डॉक्टरकडं गेले ना तोंड दाखवायला, त्यांना पण इंग्रजीतच सांगितलं." ती किंचित थांबली. "ते म्हणले, बाई, मराठीत बोल."

शेडच्या त्या टोकाला कोणीतरी क्रेटची थप्पी ओढत नेली. 

"मग इथं का नाही सांगितलंस? सरांनी असंच शिकवलं होतं म्हणून?"

"सांगितलं होतं की. जुन्या साहेबांनी विचारलं, कोणते सर, नाव सांग. तर मी पवार सरांचं सांगितलं."

पवार सर शाळेत पीटी शिकवत.

"त्यांचं कशाला?"

"त्यांना काय फरक पडतो सर. ते तर शिट्टीच वाजवायचे." ती पहिल्यांदा हसली, ओढणीच्या टोकात. "तुमचं पुस्तक होतं. सगळ्या तालुक्यात नाव होतं. म्हणलं, एका शब्दापायी कशाला."

सरांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडेना, तसाच परत घातला.

"मी आज सांगणार आहे मयूरसाहेबांना. सगळं. ते टेबल तुलाच मिळायला पाहिजे."

"सांगा," ती म्हणाली. मग जायला वळली आणि परत थांबली. कुणाची तक्रार करावी असा तो स्वर नव्हता. हजेरी सांगावी तसा होता.

"त्या दिवशी मी काट्यापाशी होते सर. तिथून ऑफिसची काच दिसते. साहेबांनी नाकाखाली बोटं धरली की मला कळतं काय चाललंय ते. आवाज येत नाही. तुम्ही टेबलावर हात मारलेला तेवढा दिसला."

सरांच्या त्याच हातात आता तिची उत्तरपत्रिका होती. 

"जाते सर. टेम्पो आलाय," सुवर्णा म्हणाली आणि गेली.

*

वर जाताना सरांनी पायऱ्या मोजल्या नाहीत, वाक्यं म्हणून पाहिली नाहीत. दार उघडून सरळ म्हणाले, "मयूरसाहेब, या अर्जातला शब्द मी शिकवलेला आहे. सुवर्णा माझी विद्यार्थिनी. मी चौदा वर्षं चुकीचा अर्थ शिकवला आणि तुम्ही दाखवलंत तेव्हा मी हसलो. त्या पोरीची काही चूक नाही. परीक्षेत तिचा पहिला नंबर आहे, वीसपैकी वीस. ते टेबल तिला द्या."

मयूरनं काचेकडे बघितलं, मग सरांकडे.

"तुम्ही?" तो म्हणाला. "काय सांगता. आणि मला वाटायचं, पवार की कोण होते ते." मग त्याला सरांचा चेहरा दिसला असावा. "अहो सर, तुम्ही एवढं मनाला नका लावून घेऊ. मजेसाठी ठेवलाय तो कागद. काढून टाकतो, त्यात काय." आणि त्यानं खरंच काच उचलून कागद काढला, चार घड्या केल्या आणि सरांच्या हातात दिला.

"आणि टेबल?"

"हां, ते." मयूर खुर्चीत मागे रेलला. "त्याचं काय झालं, काल शेठचा फोन आला. त्यांच्या भाचेसून आहेत ना, ज्योत्स्नावहिनी, त्या बसणार तिथं. त्यांचं दिवाळीतच ठरलं होतं म्हणे. मलाच उशिरा कळलं."

"मग ही परीक्षा?"

"परीक्षा पाहिजेच सर. ट्रेनिंग झालं, परीक्षा झाली, त्यातून निवड केली, असं फाइलला लागतं. तेवढा रिपोर्ट लिहून द्या एका पानाचा. पहिल्या नंबरवर ज्योत्स्नावहिनींचं नाव टाका, म्हणजे झालं."

"त्या वर्गाला नव्हत्या."

"म्हणून तर तुमची सही लागते ना सर."

सरांनी कोरा कागद घेतला. टेबलाच्या कडेला बसून त्यांनी इंग्रजीत रिपोर्ट लिहिला, तारीख उजव्या कोपऱ्यात. पहिला नंबर, सुवर्णा गांगुर्डे, वीसपैकी वीस. त्याखाली आणखी एक परिच्छेद लिहिला: सदर कर्मचाऱ्याच्या जुन्या अर्जातील चूक ही तिच्या शिक्षकाची असून तो शिक्षक मी आहे. शब्दाचा खरा अर्थ दिला. खाली पूर्ण नाव घातलं, पुंजाराम बोरस्ते, निवृत्त सहशिक्षक, आणि सही केली. सही नेहमीपेक्षा लहान आली.

मयूरनं कागद घेतला, सही आहे एवढं बघितलं, पंचिंग मशीननं दोन भोकं पाडली आणि फाइलला लावला.

"थँक यू सर," तो म्हणाला. "पाहुणे हेच बघतात, पानं आहेत की नाही."

ज्योत्स्नावहिनी सोमवारपासून येऊ लागल्या. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाहुणे आले. रशियाचे होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.